कोड चिकटवला म्हणजे साहित्य आराखड्याशी जोडलं, असं होत नाही

नवा अभ्यासक्रम आराखडा आल्यापासून शाळांमध्ये एक काम वाढलंय. हाताशी असेल त्या साहित्यावर क्षमतेचा, म्हणजे मुलाला काय यायला हवं याच्या आराखड्यातल्या यादीतला, क्रमांक लिहायचा. वर्कशीटवर क्रमांक, तक्त्यावर क्रमांक, व्हिडिओच्या नावात क्रमांक, पाठाच्या टाचणाच्या रकान्यात क्रमांक. भेटीला आलेले साहेब रकाना भरलाय का बघतात, आपण भरलेला दाखवतो, आणि वर्गातलं शिकवणं होतं तसंच राहतं. शैक्षणिक साहित्य आराखड्याशी जोडणं हे खरं तर प्राथमिक शिक्षकाच्या हातातलं फार मोलाचं काम आहे. आपण त्याची कारकुनी करून टाकली याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आराखड्याबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांपर्यंत तो प्रशिक्षणातल्या स्लाइडपुरताच पोचलाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केलेला शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑगस्ट २०२३ मध्ये आला. पायाभूत, पूर्वतयारी, पूर्व माध्यमिक, माध्यमिक असे चार स्तर. प्रत्येक स्तरावर प्रत्येक विषयाची अभ्यासक्रम ध्येयं, प्रत्येक ध्येयाखाली क्षमता, आणि त्या क्षमतेकडे नेणाऱ्या पायऱ्या म्हणजे अध्ययन निष्पत्ती. इथे एक गोष्ट हमखास निसटते. क्षमता ही स्तराच्या शेवटापर्यंत यायची असते. पूर्वतयारी स्तर म्हणजे तिसरी ते पाचवी. म्हणजे तिसरीच्या एका वर्कशीटवर क्षमतेचा क्रमांक लिहिला तर तीन वर्षांच्या प्रवासातलं नेमकं कुठलं पाऊल त्या कागदाने पडतं, हे त्या क्रमांकावरून कळतच नाही.

उदाहरण घेऊ. पूर्वतयारी स्तर, गणित, क्षमता १.२. तिचा आशय असा: दैनंदिन व्यवहारातले अर्धा, पाव यांसारखे अपूर्णांक मुलाला दाखवता यावेत आणि त्यांची तुलना करता यावी. कसे दाखवता यावेत? तीन प्रकारे. एका पूर्णाचे भाग म्हणून, संख्यारेषेवरचं ठिकाण म्हणून, आणि पूर्ण संख्यांचा भागाकार म्हणून.

आता शाळेच्या कपाटात अपूर्णांकाचं काय साहित्य आहे ते आठवून बघा. रंगवलेली वर्तुळं. पुठ्ठ्याच्या चकत्या, चार भाग केलेल्या. कागदाच्या घड्या. पोळीचं चित्र असलेला तक्ता. पोर्टलवर 'अपूर्णांक' शोधलं तरी बहुतेक हेच हाती लागतं, फरक एवढाच की वर्तुळ फिरतं आणि मागे संगीत असतं. हे सगळं क्षमतेच्या पहिल्या तुकड्याचं, म्हणजे 'पूर्णाचे भाग' याचं, साहित्य आहे. तो तुकडा महत्त्वाचा आहेच, सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण या सगळ्यावर आपण १.२ लिहून मोकळे होतो, आणि कागदोपत्री क्षमता 'झाली'.

ती झालेली नसते. चौथीच्या वर्गात फरशीवर खडूने लांब रेषा काढली. एका टोकाला शून्य, मध्ये एक, दुसऱ्या टोकाला दोन. म्हटलं, अर्ध्यावर उभं राहा. वर्तुळाचा अर्धा भाग रंगवण्यात कधीच न चुकणारी एक मुलगी आत्मविश्वासाने गेली आणि एकवर उभी राहिली. "अर्धं म्हणजे मधोमध ना, बाई?" तिचं लॉजिक चोख होतं. समोर दिसणाऱ्या वस्तूचा मध्य म्हणजे अर्धा, हेच आमच्या सगळ्या साहित्याने तिला शिकवलं होतं, आणि रेषेचा मध्य तिने बरोबर शोधला होता. अर्धा ही स्वतःची जागा असलेली एक संख्या आहे, शून्य आणि एकच्या बरोबर मध्ये राहणारी, हे तिला कुठल्याच चकतीने सांगितलं नव्हतं. मग वर्गातच वाद रंगला. एक मुलगा म्हणाला, तिथे एक लिहिलंय, मग तिथेच अर्धा कसा असेल? दुसरा म्हणाला, रेषा तीनपर्यंत वाढवली तर अर्धा सरकणार का? या प्रश्नापाशी अपूर्णांक खऱ्या अर्थाने सुरू झाला.

हे एका वर्गाचं दुखणं नाही. ४ डिसेंबर २०२४ ला मुलांना काय येतं हे तपासायला देशभर झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात सहावीच्या मुलांची गणितातली सर्वांत कमी कामगिरी नेमकी याच क्षमतेत दिसली, २९ टक्के. मुलं अपूर्णांकात कच्ची आहेत असं म्हणून आपण सुस्कारा सोडतो आणि पुन्हा चकत्यांचीच प्रिंट काढतो. माझ्या मते दोष मुलांच्या डोक्यात शोधण्याआधी कपाटात शोधायला हवा. तीन तुकड्यांपैकी दोन तुकड्यांचं साहित्यच नसेल तर मुलं ते कुठून शिकणार?

म्हणून मी म्हणते, जोडणीचा खरा उपयोग रिकाम्या जागा दिसण्यासाठी आहे. क्षमतेचं वाक्य घ्या, त्याचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याखाली आपल्याकडचं साहित्य मांडा. एका तुकड्याखाली ढीग जमेल आणि दुसऱ्याखाली काहीच नसेल. ते 'काहीच नाही' म्हणजे आपल्या पुढच्या महिन्याचं काम. उलट दिशेने, म्हणजे साहित्य हातात घेऊन त्याला क्रमांक शोधत बसलं, की काही ना काही क्रमांक सापडतोच आणि रिकामी जागा कधीच दिसत नाही.

दुसरं, साहित्यासोबत मूल काय करणार, काय बोलणार, हे लिहिल्याशिवाय जोडणी पुरी होत नाही. तोच कागदाचा पट्टा बघा. बाईंनी घडी घालून दाखवला तर पहिला तुकडा. मुलाने तो रेषेवर ठेवून पाव, अर्धा, पाऊण यांच्या खुणा केल्या तर दुसरा. तीन पट्टे चौघांत सारखे वाटून 'प्रत्येकाला पाऊण आला' असं म्हणून ते पटवून दिलं तर तिसरा. वस्तू एकच, शिकणं तीन प्रकारचं. वस्तूवर क्रमांक लिहून काय हाती लागणार?

एका उपक्रमाला आठ-दहा क्षमता जोडायची जी हौस आहे, तीही सोडायला हवी. बाजारभेट घेतली की गणित, भाषा, परिसर अभ्यास, कला, आरोग्य, सगळ्या रकान्यांत टिक. त्या दिवशी मुलं खूप काही शिकतात, मान्य. पण शिक्षकाने लक्ष कशावर ठेवलं, कुणाला काय आलं नाही याची नोंद कशाची केली, एवढ्यापुरतीच जोडणी लिहावी. एक किंवा दोन क्षमता, बस.

आणि हे सगळं आत्ताच का? कारण पुस्तकं बदलतायत. आपल्या राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येतोय. २०१७ मध्ये दीक्षा हे शैक्षणिक साहित्याचं सरकारी पोर्टल सुरू झाल्यापासून राज्यातल्या शिक्षकांनी किती साहित्य तयार केलं, आणि त्यातलं कितीतरी मंडळ, माध्यम, इयत्ता, विषय आणि मग पाठ अशा क्रमाने पाठाला बांधलेलं आहे. पाठ गेला की व्हिडिओ बेवारस. रात्री जागून, मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरात मोबाईल टेकवून केलेले व्हिडिओ आहेत ते. तेच क्षमतेच्या तुकड्याला बांधले तर पुस्तक बदललं तरी शिल्लक राहतील, कारण संख्यारेषेवर अर्धा कुठे असतो हे पुस्तक बदलल्याने बदलत नाही.

जुन्या साहित्याबद्दलही हेच. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, पाठ केले होते. मी पाठांतराची ती छडी परत आणा म्हणत नाही. पण तीन पाव म्हणजे पाऊण, चार पाव म्हणजे एक, पाच पाव म्हणजे सव्वा, हे म्हणत म्हणत मूल रेषेवर पाव-पाव पुढे सरकलं तर १.२ च्या दुसऱ्या तुकड्याला इतकं चपखल साहित्य दुसरं कुठे मिळेल? आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, मुलं ते घरून घेऊन येतात. कुठल्याही किटमध्ये न येणारं हे भांडवल आहे आणि साहित्याच्या यादीत मी ते कधी पाहिलेलं नाही.

हे काम वरून होणार नाही. वरून फार तर क्षमतांची नीट, वाचता येईल अशा मराठीतली यादी यावी आणि टाचणातला क्रमांकाचा रकाना काढून त्याजागी 'मूल काय करून दाखवेल' हा रकाना यावा. बाकी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत होऊ शकतं. दर वेळी एकच क्षमता घ्यायची. प्रत्येकाने त्यासाठीचं आपलं साहित्य आणायचं, जमिनीवर मांडायचं, एकमेकांवर करून बघायचं आणि कुठल्या तुकड्याचं आहे ते भांडून ठरवायचं. केंद्रप्रमुखांनी इतिवृत्तात एवढंच लिहावं: कुठला तुकडा रिकामा राहिला आणि तो कोण भरणार.

आमच्याकडे १.२ चा तिसरा तुकडा, भागाकाराचा, अजून लंगडा आहे. वाटणीचे प्रसंग आहेत, पण वस्तूंपेक्षा मुलं जास्त असतील असे, आणि तिसरीच्या मुलाला स्वतः वाचता येतील अशा छोट्या वाक्यांतले, फारच थोडे. कुणी वर्गात वापरलेले असतील तर पाठवा. सोबत मुलांनी त्यावर काय उत्तरं दिली तेही लिहा, चुकीची उत्तरं तर नक्कीच.