‘आवाज मोठा, जीव सेफ’ म्हणे!

भाच्याला नव्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर काढून ‘पंजाब’ (बाहेरून मिळणारा, मोठ्या आवाजाचा) बसवायचाय. या वयात ते होणारच, म्हणून मी गप्प होते. पण काल ताईने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघ, सेफ्टीसाठीच लावतोय तो. तू उगाच त्याच्या मागे लागतेस.’ आता गप्प बसणं कठीण आहे. मी स्वतः रोज बाइकने ऑफिसला जाते, त्यामुळे बाइकवाल्यांचा जीव कसा वाचतो यात मलाही रस आहे.

फॉरवर्डचा मथळा ‘लाउड पाइप्स सेव्ह लाइव्ह्ज’. अमेरिकेतल्या बाइकवाल्यांच्या जॅकेटांवर ही घोषणा कित्येक वर्षं मिरवतेय. खाली पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले इमोजी.

पहिला मुद्दा: ‘अमेरिकेत संशोधनाने सिद्ध झालंय की दोन तृतीयांश अपघातांत कारवाल्याला बाइक दिसलेलीच नसते. दिसत नाही तर ऐकवा!’

संशोधन खरं आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांचा 1981 चा अहवाल. त्यांच्या पथकाने लॉस एंजलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि शिवाय पोलिसांचे 3,600 अहवाल तपासले. दुसरं वाहन सामील असलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, म्हणजे त्याने बाइकचा रस्ता अडवला होता. फॉरवर्ड लिहिणारा इथवर आला आणि थांबला. त्याच अहवालात पुढे आहे की बाइकवाल्यावर येणारं संकट सुमारे 77 टक्के वेळा समोरून येतं, घड्याळात अकरा ते एक वाजतात तेवढ्या पट्ट्यातून. आणि सायलेन्सरचं तोंड कुठे असतं? मागे! ज्याने तुम्हाला पाहायला हवं तो समोर, आणि तुमचा सगळा गोंगाट चाललाय मागच्या रिक्षावाल्याकडे.

मग काय उपयोगी पडतं तेही हर्ट यांनी लिहून ठेवलंय: दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवणं आणि पिवळं, केशरी किंवा भडक लाल जॅकेट घालणं. याने अपघातात सापडण्याचं प्रमाण लक्षणीय कमी होतं. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचे दिवे आपोआप चालू राहतात ते उगाच नाही. भाच्याचं जॅकेट मात्र काळं, हेल्मेट काळं, गाडीही मॅट ब्लॅक. एवढी ज्याला सेफ्टीची काळजी, त्याने आधी त्या रंगाचं बघावं.

दुसरा मुद्दा: ‘काच बंद असलेल्या कारवाल्यालाही लांबून ऐकू जातं.’ सोपा हिशोब आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. 10 मीटरवर 90 डेसिबल धरले, तर 40 मीटरवर उरले 78. कारचा पत्रा आणि बंद काच त्यातले आणखी 20-25 सहज खातात. राहिले 53 ते 58. आत एसी, टायरचा घरघराट, गाणी आणि ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ सांगणारी बाई. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या प्रत्येकी 60 च्या वेगात असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला 33 मीटरने कमी होतं. म्हणजे 40 मीटर संपायला सव्वा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात कारवाल्याने आवाज ओळखायचा, कुठून येतोय ते शोधायचं आणि ब्रेकही दाबायचा.

थोडं मान्य करते, नाइलाज म्हणून. आपला रस्ता म्हणजे फक्त बंद काचांच्या कार नाहीत. पायी चालणारे, सायकलवाले, रिक्षा, आपल्यासारखेच दुचाकीवाले, या सगळ्यांना बुलेट ऐकू येते. ट्रॅफिक तुंबलेला असताना गाड्यांच्या फटीतून पुढे सरकणाऱ्या बाइकची चाहूल लागून एखाद्याने हात आत घेतला असेलही. आणि केंद्राच्या 2022 च्या अपघात अहवालात मागून धडक बसण्याचे अपघात साधारण पाचातला एक एवढे आहेत, त्यामुळे ‘मागचं काय?’ हा प्रश्न अगदीच फालतू नाही. पण तुमच्या मागे असलेल्याच्या डोळ्यांसमोरच तुम्ही असता. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये असेल किंवा त्याला अंतर राखायची सवय नसेल, तर सायलेन्सर काय करणार? तिथे कामाला येतात टेल लाइट आणि ब्रेक लाइट. आणि आवाजच द्यायचा तर हॉर्न आहे, पुढे तोंड करून बसवलेला, हवा तेव्हा वाजवायला.

तिसरा मुद्दा वाचून मी फोन बाजूला ठेवला. ‘सायलेन्सरचे फटाके म्हणजे फुकटची वॉर्निंग सिस्टीम.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या कार्बोरेटरवाल्या बुलेटवर धावत्या गाडीत किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण, बंद करतात. चाकांच्या जोरावर इंजिन फिरत राहतं, पण ठिणगी नसते, त्यामुळे पेट्रोल न जळता तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन साठतं. स्विच पुन्हा चालू केला की ते एकदम पेटतं आणि फाट्! नव्या एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाड्यांत हाच तमाशा करायला ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, खेळावं लागतं. थोडक्यात, ज्या क्षणी हा महाभाग जगाला ‘वॉर्निंग’ देत असतो, त्याआधीच्या क्षणी त्याने स्वतःचं इंजिन बंद केलेलं असतं. भर रस्त्यात, आपल्या हाताने. आणि याला सेफ्टी म्हणायचं!

परवा सिग्नल सुटल्यावर माझ्या पुढे एक बाई स्कूटरवर होती, समोर फळीवर लहान मुलगी उभी. शेजारून एका पठ्ठ्याने फटाका काढला. मुलीने दचकून दोन्ही हातांनी हँडलच धरलं आणि स्कूटर वाकडीतिकडी होत डिव्हायडरच्या कडेला घासली. बाईने पाय टेकवून सावरली म्हणून, नाहीतर मागून मी होतेच. पठ्ठ्या पुढच्या चौकात पोहोचला होता, मजेत. दचकलेला माणूस सावध होतो असं समजणाऱ्याने दचकलेल्या माणसाचा स्टिअरिंगवरचा हात कधी पाहिलेला नाही. कुत्रं दचकलं तर चाकाखाली येतं, म्हातारा माणूस दचकला तर रस्ता ओलांडताना मध्येच थबकतो.

आणि चालवणाऱ्याच्या कानांचं काय? 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. महामार्गावर हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज त्याच्या आसपास जातो, त्यावर हा सायलेन्सर. मग मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न किंवा अँब्युलन्सचा भोंगा ऐकायचा कशाने?

‘घाटात वळणापलीकडच्याला कळतं’, हा चौथा. वरंध घाटात वळणावळणावर ‘हॉर्न वाजवा’ लिहिलंय, तेवढं केलं तरी पुरे. पुढे.

पाचवा मुद्दा जरा हुशारीचा आहे: ‘युरोपात इलेक्ट्रिक गाड्यांना आवाज सक्तीचा केलाय, म्हणजे आवाज हवाच.’ केलाय, खरं आहे. 2019 पासून नव्या मॉडेलांना, 2021 पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड कारना. पण तो आवाज ताशी 20 किलोमीटरपर्यंतच्या वेगात हवा, चालणाऱ्या आणि अंध माणसांना चाहूल लागावी म्हणून, आणि त्याची कमाल मर्यादा 75 डेसिबल. आपल्याकडे 175 सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना 80 डेसिबलची परवानगी आहे. म्हणजे भाच्याचा कंपनीचा सायलेन्सरच त्या युरोपी मर्यादेपेक्षा मोठ्याने बोलू शकतो. मुक्याला बोलायला शिकवलं म्हणून आपण माइक गिळायचा नसतो.

ताई, तुला सेफ्टीच हवी असेल तर त्याच 2022 च्या अहवालात बघ: वर्षभरात 1,68,491 माणसं रस्त्यावर गेली, त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. 50,029 मृत्यू हेल्मेट न घातलेल्यांचे. पोरगं कॉलेजला जाताना हेल्मेट आरशाला अडकवून जातं, ते मी दोनदा पाहिलंय. हर्ट यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे: अपघात टाळायला बाइकवाल्याला दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो, आणि तेवढ्यात बहुतेक जण मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात, पुढचा पुरेसा दाबतच नाहीत. भाच्याच्या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस आहे, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात तासभर पुढच्या ब्रेकचा सराव करायला मी येते त्याच्याबरोबर, पेट्रोल माझं.

सायलेन्सर लावायचाच म्हणत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) एकदा वाचायला सांग: दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोलर फिरवतात त्याचे व्हिडिओ तुझ्याच ग्रुपवर येतात. आणि कंपनीचा जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका, माळ्यावर नीट गुंडाळून ठेवा. नाकाबंदीनंतर तोच शोधत बसाल.