लेस पॉल मोठाच, पण या कारणांसाठी नाही

अमेरिकन गिटारवादक लेस पॉलची आठवण काढणारा एक मजकूर दरवर्षी जूनमध्ये फिरतो. इलेक्ट्रिक गिटारचा शोध त्याने लावला, गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ गिटार त्यानेच घडवली आणि एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रण करणारा पहिला माणूसही तोच, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं.

पहिला दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. जॉर्ज बीचमने लोहचुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवलेली ‘फ्राइंग पॅन’ गिटार १९३१-३२ सालची. तिचं पेटंट १९३७ मध्ये मिळालं. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यात गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार वाजवत होता. लेस पॉलचा ‘लॉग’ (म्हणजे ओंडका), ही त्याची भरीव गिटार, त्यानंतरचा, १९४०-४१ च्या सुमाराचा. त्याला छळत होता तो वेगळाच प्रश्न: पोकळ गिटारची पाटी लाउडस्पीकरच्या आवाजानेही थरथरते, पिकअप ते पुन्हा उचलतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणून त्याने चार इंच जाडीचा पाइनचा भरीव ठोकळा घेतला. दोन्ही बाजूंना जोडलेल्या एपिफोन गिटारच्या फाकी निव्वळ दिखाव्यापुरत्या!

गिब्सनचं मॉडेल आलं १९५२ मध्ये, तेही प्रतिस्पर्धी फेंडर कंपनीची भरीव गिटार बाजारात चालू लागल्यावर. त्यात लेस पॉलचा हात किती आणि कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी व कारागिरांचा किती, यावर खुद्द त्या दोघांचंच जमलं नाही.

तिसरा दावा सत्याच्या जवळ जातो, पण ‘पहिला’ हा शब्द चुकतो. जॅझवादक सिडनी बेशेने १९४१ मध्येच एकट्याने सहा वाद्यं एकावर एक मुद्रित केली होती. लेस पॉलने त्या करामतीची शैली केली. १९४८ च्या त्याच्या ‘लव्हर’ या रेकॉर्डमध्ये गिटारचे आठ भाग, आठही त्याचेच, आणि तेही टेपवर नव्हे, तबकड्यांवर. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत नवा भाग वाजवत दुसरी कोरायची. बोट चुकलं की ती तबकडी बाद. शिवाय दर थरागणिक आधीचा आवाज मळकट होत जाणार, म्हणून कोणता भाग आधी घ्यायचा याचाही हिशेब. काही भाग तर अर्ध्या वेगात मुद्रित केलेले. पुढे १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीचं, एकाच टेपवर आठ भाग वेगवेगळे मुद्रित करणारं आठ ट्रॅकचं यंत्र त्याच्या घरी आलं. श्रद्धांजलीच्या मजकुरात या यंत्राचा मात्र उल्लेखही नसतो.