नाना जोशी आणि दहाची सरासरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पन्नाशीच्या दशकातले भारताचे यष्टिरक्षक (किपर) नाना जोशी यांच्यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं, की बारा कसोटी आणि फलंदाजीची दहाची सरासरी एवढ्या भांडवलावर कुणी मोठा ठरत नाही, आज त्यांना निवड समितीने दारात उभं केलं नसतं, आणि हे सगळं कौतुक केवळ पुण्याच्या माणसाचं म्हणून चाललंय.

आकडा बरोबर आहे. १२ कसोटी, २०७ धावा, सरासरी १०.८९. पण शेजारचा रकाना तुम्ही वाचलाच नाहीत. १८ झेल, ९ यष्टिचीत. म्हणजे किपर म्हणून नानांचा दर तिसरा बळी यष्टिचीत. धोनीच्या कसोटीतल्या २९४ बळींत यष्टिचीत ३८, साधारण आठात एक. नाना धोनीपेक्षा सरस होते असं मी यावरून म्हणत नाही. त्या काळी आपल्याकडून बळी बहुतेक फिरकीच घ्यायची, तेव्हा यष्टिचीत जास्त असणारच. मुद्दा कामाचा आहे. गुप्ते, मंकड, शिंदे, गुलाम अहमद या फिरकी गोलंदाजांचे चेंडू दिवसभर स्टंपला चिकटून घ्यायचे, तेही हेल्मेटशिवाय.

हे काम किती अवघड आहे, ते मी माझ्या बोटांवर शिकलो. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी पुण्यात स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर मॅटिंगवर (चटईच्या खेळपट्टीवर) आमच्या मॅचेस चालायच्या आणि मी किपर. शॅमॉयचे (मऊ चामड्याचे) इनर, म्हणजे आतले हातमोजे, बादलीत भिजवून, पिळून घालायचे, वर ग्लोव्हज. आमचा लेगस्पिनर गुगली, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने वळणारा चेंडू, टाकायचा तेव्हा चेंडू फलंदाजाच्या पायांमागे गडप व्हायचा. पुन्हा दिसेपर्यंत खाली बसून राहायचं, एवढंच करायचं असतं. पण गुडघे ऐकत नाहीत, आधीच उठतात. गुडघे उठले की हात वर येतात आणि चेंडू खालून सटकतो, चार बाय (अवांतर धावा). एकदा उशीर झाला आणि उजव्या करंगळीच्या टोकावर चेंडू बसला. ती करंगळी अजून सरळ होत नाही. क्लबच्या गोलंदाजासमोर ही गत, तर सुभाष गुप्तेंसमोर काय होत असेल! १९५२-५३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात गुप्तेंनी कसोटींत २७ बळी घेतले, त्या दौऱ्यावर नाना होते.

आता बाराच कसोटी का, हा प्रश्न. नाना पहिली कसोटी खेळले १९५१ साली दिल्लीत, इंग्लंडविरुद्ध. त्यात सदाशिव शिंदेंनी ९१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा पहिला डाव २०३ला आटोपला. गोलंदाज महाराष्ट्राचा, किपरही महाराष्ट्राचा! पुढच्या कसोटीत नाना बाहेर, माधव मंत्री आत. मग खोकन सेन. पाच कसोटींच्या एका मालिकेत तीन किपर खेळवले गेले. किपर आणि गोलंदाज यांची जोडी बसायला महिने लागतात. इथे एक सामना झाला की माणूस बदलायचा. अशा काळात १९५१ ते १९६० एवढी वर्षं कुणी पुन्हा पुन्हा बोलावलं जात असेल, तर निवड समितीला त्याच्या हातांत काहीतरी दिसत होतं, असं मला ठामपणे वाटतं.

आणि फलंदाजीच बघायची असेल तर डिसेंबर १९६०ची मुंबईची कसोटी बघा. पाकिस्तानच्या ३५० धावा, आपण ८ बाद ३००. तिथून रमाकांत देसाई आणि नानांनी नवव्या विकेटसाठी १४९ जोडल्या. देसाई ८५वर बाद झाले आणि आपण डाव घोषित केला. नाना नाबाद ५२. कसोटीतलं त्यांचं हे एकमेव अर्धशतक आणि एकमेव नाबाद खेळी. ती त्यांची शेवटची कसोटी ठरली, पुन्हा बोलावणं आलं नाही. मूळ लेखात मी हा डाव एका ओळीत उरकला, ही चूक माझी.

पुण्याचं म्हणाल, तर हो, जिव्हाळा आहे. नाना जन्मले बडोद्याला, पण महाराष्ट्राकडून खेळले आणि १९८७ साली गेले ते पुण्यातच. इथल्या मैदानांवर त्यांचं नाव आता फारसं कुणी काढत नाही, म्हणून मी लिहिलं आणि पुन्हाही लिहीन.

एक गोष्ट मात्र तुमची पूर्ण मान्य: त्याच काळातले भारताचे दुसरे किपर नरेन ताम्हाणे हे किपर म्हणून नानांपेक्षा सरस होते. २१ कसोटींत ५१ बळी, त्यांतले १६ यष्टिचीत. लेखात मी दोघांना एका रांगेत बसवलं होतं, ते वाक्य आज बदललं आहे.