इभ्रतीचा धूर

सोलापुरात राहून धूर सोडायचाय ना? मग आधी आपली पायरी ठरवा. फुप्फुसाचं नंतर बघू. ते आत असतं, पाहुण्यांना दिसत नाही.

विडीच्या वाटेला जाऊ नका. एका झुरक्यात माणूस साठीचा दिसतो आणि बिगारी ठरतो. मुलगा विडी ओढताना सापडला तर सोयरीक मोडते. सिगारेट ओढताना सापडला तर मुलीचा मामाच म्हणतो, "नोकरीत टेन्शन असतंय हो." तंबाखू दोन्हीत आहे. पण एकीला तेंदूचं पान, दुसरीला पांढरा कागद, आणि कागदाला आपल्याकडं मान आहे.

सिगारेट घ्याल तर अख्खं पाकीट घ्या. सुट्टी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे म्हणून नव्हे (हे टपरीवाल्याला सांगून बघा, तो काडीपेटी पुढं करेल), तर सुट्टी घेणाऱ्याची ऐपत चारचौघांत उघडी पडते म्हणून. पाकिटावर ८५ टक्के जागेत भयाण चित्र असतं. पालथं ठेवून उपयोग नाही, दोन्ही बाजूंना आहे. वर मोबाईल ठेवावा.

खरी इभ्रत मात्र वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये. पेनासारखं दिसतं, चार्जिंगला लावता येतं, आंब्याचा वास येतो, आईला पेनड्राइव्ह म्हणून खपतं. २०१९ च्या कायद्यानं ते बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, सगळं बंद. विकणारा पहिल्यांदा सापडला तरी वर्षभरापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढण्याला मात्र शिक्षा लिहिलेली नाही. तेव्हा कुणी विचारलंच तर सांगा, गड्ड्याच्या यात्रेत सापडलं बे! विडी कायदेशीर आणि हलकी, वेप बेकायदा आणि भारी. असं का, म्हणून विचारू नका. असले प्रश्न विडी ओढणाऱ्यांना पडतात.

सार्वजनिक जागी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. तो स्टँडवरच्या धोतरवाल्या म्हाताऱ्यासाठी. तुम्ही गाडीच्या काचा वर करा.

बायकांना सल्ला वेगळा. विडी वळायला काहीच हरकत नाही. पूर्व भागात घरोघरी तेच चालतं. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. मान मोडून हजार वळल्या तर हजार विड्यांची मजुरी, आणि कारखान्यात देताना 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या फुकट. बोटं काळी, घरभर तंबाखूची धूळ, पण सगळं कसं मर्यादेला धरून! त्यातलीच एक उचलून तिनं ओठात धरली, की सिद्धेश्वराचं तळं आटलंच म्हणून समजा. कुंभारीला या विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली. ती आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना अभिमानानं सांगतो, चादरीचं सांगून झाल्यावर.

अशी एखादी बाई वळलेल्या विड्यांची टोपली घेऊन शेअर रिक्षात तुमच्या शेजारी बसली, तर लगेच नाकाला रुमाल लावा. तंबाखूचा वास फार उग्र हो! अगदीच असह्य झालं तर खिशातलं आंब्याचं काढून दोन झुरके घ्या. ती खोकत तेलुगूत काहीतरी म्हणेल. लक्ष देऊ नका, अशोक चौक आलाच.