येतो म्हणून निघणारा माणूस

श्रावणात बाबांच्या दहाव्याला आळंदीच्या घाटावर त्यांच्यासोबत पूर्वी दोन-चार गड हिंडलेले एक काका भेटले. डोळे पुसत म्हणाले, "डोंगरातच गेले असते तर सोनं झालं असतं बघ. दवाखान्याच्या खाटेवर जायचा माणूस नव्हता तो." त्यांच्या बोलण्यात माया होती, म्हणून मी गप्प राहिले. मग तेराव्याला आणखी दोघं तेच म्हणाले. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी कड्याच्या टोकावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाचा फोटो टाकला आणि त्याखाली पुन्हा तेच. तेव्हापासून हे मनात सलतंय. आज लिहूनच टाकते.

बाबांना डोंगरात मरायचं नव्हतं. डोंगरातून घरी यायचं, हे त्यांनी चाळीस वर्षं जिवापाड जपलं.

आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. सगळ्यांच्या तोंडी बसलेलं असतं ते. बाबांच्या तोंडी तो शब्द दिलेला असायचा. पहाटे चारला दाराशी वाकून हंटर शूजच्या नाड्या बांधताना ते आईला "येतो गं" म्हणायचे आणि आई "किती वाजता?" एवढंच विचारायची. उत्तर आधीच कालनिर्णयवर असायचं. त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात: 'तोरणा. वेल्हे, बिनी दरवाजा. रात्री ८ घरी.' खाली आणखी बारीक, 'दहापर्यंत आलो नाही तर' आणि मित्राचा नंबर. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या काकूंचा पीपी नंबर होता. उशीर होतोय असं दिसलं की बाबा वेल्ह्यातून नाहीतर नसरापूर फाट्यावरून त्यांच्याकडे फोन करायचे आणि काकू गॅलरीतून ओरडून सांगायच्या, "वहिनी, खाली उतरलेत हो!" घरी आल्यावर सॅक उतरवण्याआधी ते त्याच चौकटीत वेळ लिहायचे: 'घरी, ७.५०.' मगच पाणी.

बाबा भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूमला होते. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना सांगायला नको, तिथे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे बाबांना गड कायम मोकळे मिळाले. राजगडाची अख्खी पद्मावती माची, टूलरूमचे तिघं आणि तळ्यावरचा वारा. आम्हा भावंडांची शाळा मात्र गुरुवारी असायची. आमच्या वाट्याला दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी यायची, पण गुरुवारची संध्याकाळ ते आम्हाला द्यायचेच. दळण आणायचं, रेशन भरायचं, माझी गणितं तपासायची. पायात गोळे आलेले, पोटरीवर करवंदीचे ओरखडे आणि हातात माझी अपूर्णांकांची वही, असे बाबा मला अजून दिसतात. दमलोय म्हणून त्यांनी दळण दुसऱ्या दिवसावर टाकलेलं मला आठवत नाही. माझ्या मैत्रिणींचे वडील सुट्टीचा सगळा दिवस घरी असायचे, पण अपूर्णांक त्यांच्यापैकी कुणालाच विचारायची सोय नव्हती.

आम्हाला पहिल्यांदा नेलं ते लोहगडला. आकुर्डीहून लोकलने मळवली आणि तिथून चालत. वाटेत भाज्याची लेणी. मी आठ वर्षांची होते. वरपर्यंत पायऱ्या आहेत हे ठाऊक असूनही त्यांनी मला एकही पायरी ओढून चढवली नाही. पोट दुखतंय म्हणून मी थांबले की ते काहीतरी दाखवायचे. ही कारवी, हिच्या काठ्यांचा कूड करतात, वरून शेणमाती लिंपली की झाली भिंत. ही सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, आणि प्रत्येक डोंगराचं वर्ष वेगळं. मी विचारलं, इथली कधी फुलणार? म्हणाले, "बघायला येत राहायचं." माझी पोटदुखीही थांबली आणि विंचूकाटा, म्हणजे गडाची विंचवाच्या नांगीसारखी लांब माची, तीही बघून झाली.

'गड सर केला' हे त्यांना अजिबात आवडायचं नाही. ते म्हणायचे, सर करायला आपण काय फौज घेऊन गेलो होतो? आपण जाऊन आलो. त्यातलं 'आलो' त्यांना जास्त महत्त्वाचं होतं.

आईने १९८८ पासूनची कालनिर्णयची पानं गुंडाळी करून, रबर लावून माळ्यावर ठेवली आहेत. बाकी घरांत त्यांची पुस्तकांना कव्हरं झाली. बाबा गेल्यावर मी आणि दादाने ती खाली काढली. नोंदी मोजायला बसलो तर दोनशेच्या वर निघाल्या. त्यांतल्या एकतीस नोंदींपुढे 'अर्ध्यातून परत' असं लिहिलंय आणि प्रत्येक ठिकाणी कारण आहे. 'धुकं.' 'ओढा वाढला.' 'एकाचा गुडघा.' 'घसारा फार, वाट नवी.' एका ठिकाणी फक्त 'मन घेईना.'

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट त्यात तीनदा आहे. बेलपाड्यातून कोकणकड्याला भिडणारी ती घळ ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल. मोठमोठाले धोंडे, मग कातळटप्पे, आणि दिवस मावळायच्या आत वर पोचायचंच. बाबांचा नियम होता, दुपारी बाराला ठरलेला टप्पा पार झाला नाही तर मागे फिरायचं. वर किती राहिलंय हा प्रश्नच काढायचा नाही. तिन्ही वेळा बारा वाजले आणि ते फिरले. एकदा सोबतचा एकजण रागावून सहा महिने बोलला नाही. गडावर ते खिरेश्वरकडून, टोलार खिंडीतून पुष्कळदा गेले. नळी राहिली ती राहिलीच. त्याबद्दल हळहळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

सुट्टीच्या दिवशी हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्यांवर एकाच वेळी चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची दाटी झालेली मी पाहते तेव्हा मला ते बारा वाजता फिरणं आठवतं. पैसे भरून तीस-चाळीस जण आणलेले असतात, उशीर झालेला असतो, पाऊस लागलेला असतो, आणि तरी म्होरक्याच्या तोंडून 'परत फिरू' निघत नाही, कारण लोक फोटोसाठी आलेत. मला हे चूक वाटतं आणि मी ते स्पष्ट म्हणणार. ज्याला घरी कुणीतरी भाकरी झाकून बसलंय याची आठवण राहत नाही, त्याच्यामागे मी माझा मुलगा पाठवणार नाही.

आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा मी नववीत होते. सहा वर्षं ती अंथरुणावर होती. त्या सहा वर्षांच्या पानांवर एकही मुक्काम नाही. गुरुवारी पहाटे बाबा घोरावडेश्वरला जायचे, लेण्यांपर्यंत चढायचे, शंकराला नमस्कार करून सातपर्यंत घरी. मग आजीची आंघोळ, तिचे केस विंचरणं, नखं काढणं. आठवडाभर आई करायची, गुरुवार बाबांचा. आजीला खिडकीशी बसवून ते त्या दिवशी काय पाहिलं ते सांगायचे. गणपतीनंतर सोनकी फुलली की 'पिवळा झालाय गं सगळा डोंगर' असं सांगताना ते तिची वेणी घालत असायचे. आजी जन्मात एकही गड चढली नव्हती, पण शेवटी शेवटी सोनकी कधी येते हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी आईला जिंजीला नेलं. राजाराम महाराजांची जिंजी. झुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षं झुंजवणारा तो किल्ला पाहायचं त्यांच्या मनात तरुणपणापासून होतं. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे बस. तिथल्या राजगिरीच्या माथ्याजवळ कड्यातल्या भेगेवरून पूल आहे, त्याबद्दल ते महिनाभर बोलत होते. निम्म्यात आईचा गुडघा धरला. ती म्हणाली, "अहो, मी बसते इथे सावलीला, तुम्ही जाऊन या. एवढ्या लांब आलोय." बाबा तिच्याशेजारी बसले, दोघांनी डबा खाल्ला आणि दोघं उतरले. पुन्हा जाणं झालं नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, तेव्हा बाबा दवाखान्यात होते. मी यादी वाचून दाखवली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. अकरा आपले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते. खांदेरीला 'राहिला' म्हणाले. जिंजीला आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "अर्ध्यातून परत." आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

त्यानंतर पंधरा दिवस. शेवटच्या आठवड्यात एकच विचारायचे, घरी कधी सोडतील? ज्यांना वाटतं की ते कड्यावर गेले असते तर बरं झालं असतं, त्यांना मला हे सांगायचं होतं. त्यांना राजगड आठवत असेलही. पण ते घर मागत होते.

अस्थी गडावर न्यायच्या का, असंही कुणीतरी सुचवलं. आई नको म्हणाली. टाक्यांतलं पाणी लोक पितात, त्यांना आवडणार नाही. इंद्रायणीतच सोडल्या.

दिवाळीनंतर मी आणि माझा मुलगा लोहगडला जाऊन आलो. त्याच लोकलने, मळवलीला उतरून. विंचूकाट्यावर वारा फार होता, त्याला टोकापर्यंत जायचं होतं, मी अलीकडेच थांबवलं. रुसला थोडा. वाटेत कारवीपाशी मी थांबले आणि त्याने विचारलं, कधी फुलणार? मी बाबांचं उत्तर दिलं.

घरी आलो तर आई स्वयंपाकघरात होती. निघताना मी कालनिर्णयवर लिहायचं विसरले होते. चौकटीत आईच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'लोहगड. दोघं. ६ घरी.' पेन्सिल दोऱ्याने तिथेच लटकतेय. मुलाने घड्याळ पाहिलं, स्टूल ओढलं, वर चढला आणि लिहिलं, 'घरी, ६.२०.'

आतून आईने विचारलं, "वीस मिनिटं कुठे गेली रे?"