"जास्त के चं पिकअप टाका, टोन भरदार होईल" हा सल्ला चुकीचा आहे, आणि का ते सविस्तर

गिटारवाल्यांमध्ये एक सल्ला इतका फिरतो की आता तो कोणी तपासूनच बघत नाही. सल्ला साधारण असा: टोन पातळ वाटतोय ना, मग पिकअप (तारांखालचा मॅग्नेट आणि कॉइलचा भाग, जो तारांच्या थरथरीचा सिग्नल बनवतो) बदला, नवीन घेताना डीसी रेझिस्टन्स बघा, ७-८ के (किलोओहम) म्हणजे कमजोर आणि १५-१६ के म्हणजे जाड, सिरॅमिक मॅग्नेट नकोच कारण ते कर्कश, अल्निकोच (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं मॅग्नेट) घ्या, आणि एकदा पिकअप बदललं की बाकी काही बघायची गरज नाही. यातलं एकेक घेऊन बोलतो, कारण हे ऐकून कॉलेजमधली मुलं साठवलेले पैसे घालून बाहेरून पिकअप मागवतात, वर कस्टम्स ड्यूटी भरतात आणि थोड्याच दिवसांत तेच पिकअप विकायला काढतात, ते बघून खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात आधी तो के चा आकडा, कारण बाकीचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

डीसी रेझिस्टन्स म्हणजे कॉइलमधल्या तांब्याच्या वायरचा विरोध, बस, त्यापलीकडे काही नाही. वायर किती लांब आणि किती बारीक यावर तो ठरतो. गेज म्हणजे वायरच्या जाडीचा नंबर, आकडा मोठा तितकी वायर बारीक. ४२ गेजची वायर फुटाला साधारण १.६६ ओहम, ४३ ची २.१ च्या आसपास, ४४ ची २.६ च्या मागेपुढे. म्हणजे तेवढ्याच लांबीची वायर ४२ ऐवजी ४४ ची घेतली की आकडा दीडपटीहून वर जातो, आणि त्यात एकही वेढा वाढलेला नसतो. सेमोर डंकन या पिकअप कंपनीचं ५९ हे मॉडेल ब्रिजला (जिथे तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाला) ८ के च्या थोडं वर आणि त्यांचंच जेबी हे मॉडेल १६ के च्या वर, हे दोन आकडे शेजारी ठेवून लोक म्हणतात की जेबी दुप्पट जाड, पण जेबीमध्ये वायरच ४४ गेजची आहे. जेबी नक्कीच जास्त हॉट (जास्त आउटपुटचं) आहे, वेढेही जास्त आहेत, पण दुप्पट बिप्पट काही नाही.

फेंडरची टेलिकास्टर (टेली) गिटार असेल कोणाकडे तर मल्टीमीटर लावून बघा. पारंपरिक टेलीच्या नेक (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपला ४३ ची वायर असते, त्यामुळे त्याचं रिडिंग बऱ्याचदा ब्रिजपेक्षा जास्त येतं, आणि तरी ब्रिज पिकअपच जास्त जोरात, जास्त अंगावर येणारं वाजतं. उलट ग्रेच कंपनीचं फिल्टरट्रॉन घ्या, रे बट्सनी बनवलेलं, जेमतेम ४ के चं हंबकर (दोन कॉइलचं पिकअप), त्याला मरतुकडं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अजून एक, तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, डिग्रीला साधारण ०.३९%. पुण्यात जानेवारीत पहाटे १२ डिग्रीला ८ के दाखवणारं पिकअप मे महिन्यात दुपारी ३८ डिग्रीला ८.८ के दाखवेल. उन्हाळ्यात त्याच गिटारचा टोन जाड होतो असं काही कोणाला ऐकू येत नाही.

मग टोन ठरतो कशावर? मुख्यतः इंडक्टन्सवर, म्हणजे कॉइल बदलत्या करंटला किती अडवते ते, हे हेन्रीमधे मोजतात. वेढे किती, कॉइलच्या आत लोखंड किती आणि कसलं, यावर तो अवलंबून. फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरचं (स्ट्रॅटचं) जुन्या पद्धतीचं सिंगल कॉइल (एकाच कॉइलचं पिकअप) साधारण २.२ ते २.५ हेन्री, पीएएफ (गिब्सनचं जुनं हंबकर, पुढे येतंच) धाटणीचं हंबकर ४ ते ५, आणि हॉट हंबकर ८ च्या आसपास. आता या कॉइलसमोर केबलची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) येते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, आणि दोघं मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर शिखर तयार करतात, त्या शिखराच्या वरचं सगळं झपाट्याने गळतं. एकूण ५०० पिकोफॅरड धरून हिशोब केला तर स्ट्रॅटचं शिखर साडेचार हजार हर्ट्झच्या पुढे येतं, पीएएफवाल्याचं ३३०० च्या आसपास आणि ८ हेन्रीवाल्याचं २५०० ला. म्हणजे हॉट पिकअप टाकल्यावर जे "भरलं" असं वाटतं त्यातला बराच भाग हा वरचं कापलं गेल्याचा असतो, खाली काही नवीन आलेलं नसतं. घरी एकट्याने वाजवताना ते छान वाटतं, पण बँडमध्ये बेस आणि किक ड्रम सुरू झाले की तीच गिटार त्यांच्या मागे गडप होते, सहा तारांचा कॉर्ड मारला तर तारा वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत, नुसता गोळा. माझ्या मते भरदार टोन म्हणजे खालचे मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) ठाशीव आणि तरीही वर एवढं शिल्लक की प्रत्येक तार ओळखू यावी. हे ४-५ हेन्रीमध्ये जितकं सहज मिळतं तितकं ८ मध्ये मिळत नाही. सेथ लव्हरनी गिब्सनसाठी ५० च्या दशकात जो हंबकर बनवला, १९५७ पासून ज्याच्या मागे पेटंट अप्लाइड फॉरचा स्टिकर लागायचा, तो साधारण ७ ते ९ के चाच होता, आणि जाड टोन म्हटलं की आजही लोक बोट त्याच्याकडेच दाखवतात.

"पण हाय आउटपुट असेल तर गिटार जोरात वाजते ना", हो, वाजते, आणि अँपचा पहिला स्टेज लवकर चिरडतो, त्यामुळे कंप्रेस होऊन जाड वाटतं. दिमार्झिओ कंपनीचं सुपर डिस्टॉर्शन हे पिकअप १९७२ मध्ये आलं तेव्हा याची गरजच होती कारण त्या काळातल्या बऱ्याच अँप्समध्ये आजच्यासारखा भरपूर गेन (सिग्नल वाढवून फाडण्याची ताकद) नव्हता. आज तुमच्या २० वॉटच्या प्रॅक्टिस अँपमध्येसुद्धा गेनचा नॉब आहे, पेडल आहे, फोनमध्ये अँप सिम्युलेटर आहे, मग जोर पिकअपमधूनच आणायचा हट्ट कशाला. मेटल वाजवणाऱ्यांना हॉट पिकअपचा घट्टपणा आवडतो तर त्यांनी जरूर घ्यावं, पण आवाज वाढणं आणि टोन भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लीन (न फाटलेल्या) टोनला दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर आणून ऐका, फरक लगेच कळतो.

सिरॅमिक कर्कश आणि अल्निको गोड, याच्यावर जास्त वेळ घालवत नाही. हे आत्ता ज्याचं नाव घेतलं ते सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकच आहे, आणि ते ओळखलं जातं ते जाड मिड्ससाठी. जेबीमध्ये अल्निको ५ आहे आणि त्याचे वरचे मिड्स कित्येक गिटारींमध्ये टोचतात. हंबकरमध्ये मॅग्नेट बॉबिनच्या खाली असतं, टोनमध्ये त्याचा वाटा असतो, पण वेढे, वायर आणि आतलं लोखंड यांच्यापुढे तो छोटा. नुसतं मॅग्नेटचं नाव वाचून पिकअप नाकारणं म्हणजे साल बघून आंब्याची चव सांगणं.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारा भाग, बाकी काही बघायची गरज नाही हा. अहो, पातळ टोनची तक्रार बहुतेक वेळा ब्रिज पिकअपबद्दल असते, आणि ब्रिजपाशी तार हलतेच कमी, तिथे मूळ स्वर कमी आणि वरचे हार्मोनिक्स जास्त येणार, कुठलंही पिकअप टाकलं तरी ते नेकसारखं वाजणार नाही. त्यात पारंपरिक स्ट्रॅटच्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉबच जोडलेला नसतो! दोन टोन नॉब आहेत ते नेक आणि मिडलचे. स्विचवर एक छोटी वायर सोल्डर करून खालचा टोन नॉब ब्रिजला जोडा, तो ६-७ वर ठेवा, टोचणारं शिखर बसतं. याला वीतभर वायर लागते फक्त. इतक्या लोकांनी हे न करता नवीन पिकअप घेतलेत की हे प्रत्येक गिटारच्या डब्यात छापून द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग उंची. शेवटचा फ्रेट दाबायचा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पोलपर्यंतचं (पिकअपवर प्रत्येक तारेखाली असलेल्या धातूच्या खुंटापर्यंतचं) अंतर मोजायचं. हंबकरला ब्रिजपाशी १.६ मिमी, नेकपाशी २.४ मिमी इथून सुरुवात करा, स्ट्रॅटला जाड तारेखाली २ आणि बारीक तारेखाली १.६ च्या आसपास, आणि मग कानाने. ब्रिज थोडं वर घेतलं की भरतं, नेक जाड तारेच्या बाजूला थोडं खाली उतरवलं की तिथला धुरळा बसतो. स्ट्रॅटचे अल्निको पोल मात्र फार जवळ नेऊ नका, मॅग्नेट तार ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगायला लागतो.

पॉटसुद्धा (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचा बदलता रेझिस्टर) बघा. सिंगल कॉइलला २५०के, हंबकरला ५००के ही रूढ जोडी आहे, आणि स्ट्रॅटमध्ये हंबकर टाकून आतले २५०के तसेच ठेवले की आवाज दबतो, मग दोष पिकअपला जातो. उलट हंबकर टोचत असेल तर ५००के काढून २५०के लावून बघा. हे पॉट लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत शोधा, पिकअपच्या किमतीपुढे त्यांची किंमत म्हणजे काहीच नाही.

हे सगळं करूनही समाधान नसेल तर पिकअप बदला, बदलूच नका असं मी म्हणतच नाहीये. पण विचारताना वायरचा गेज विचारा, इंडक्टन्स विचारा, ते सांगत नसतील तर दुसरीकडे बघा. स्ट्रॅटचा ब्रिज भरायचा असेल तर थोडे जास्त वेढे आणि खाली टेलीसारखी स्टीलची बेसप्लेट असलेलं सिंगल कॉइल घ्या, स्ट्रॅटचा मूळ बाजही टिकतो. हंबकरवाल्या गिटारला ब्रिजमध्ये ४२ गेजचं ८ ते ९ के चं, नेकमध्ये त्याहून कमी, साडेसातच्या आत. इथे मी के मध्ये बोलतोय कारण गेज ठरलेला आहे, गेज आणि मापं सारखी असतील तेव्हाच दोन आकड्यांची तुलना होते. आणि फेंडर पद्धतीच्या ब्रिजवर तारांमधलं अंतर जास्त असतं, तेव्हा पोलचं अंतर ४९-५० मिमीचं न घेता ५२-५३ चं मागा.

बसवल्यावर दोन्ही पिकअप एकत्र लावून टोन एकदम पोकळ, नाकातून बोलल्यासारखा आला तर घाबरून विकायला काढू नका, ते फेज उलटं झालंय, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. सेमोर डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी (वरचं आवरण नसलेली) ग्राउंडला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायची. दिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी आणि पांढरी एकमेकींना. एक या कंपनीचं आणि एक त्या कंपनीचं लावलं तर दोन्ही बरोबर जोडूनही फेज जुळेलच असं नाही, अशा वेळी एका पिकअपची हॉट आणि हिरवी यांची अदलाबदल करायची, उघडी मात्र ग्राउंडलाच राहू द्यायची. आणि डीसी रेझिस्टन्सचा खरा उपयोग इथे येतो, ८ के चं हंबकर जोडल्यावर मल्टीमीटरने ४ के दाखवलं तर एकच कॉइल चालू आहे, मधला जोड तपासा, आणि काहीच दाखवलं नाही तर वायर तुटली आहे.