खंयचो रे तूं?

घरी कोंकणी बोलायची, पेपर मराठी वाचायचा आणि पोटासाठी बॅश, म्हणजे कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची भाषा, लिहायचं, असा मी फोंड्याचा माणूस. अशा माणसाला एक छोटी स्क्रिप्ट दोन-तीन कॉम्प्युटरांवर चालवणं काय जड जाणार?

काम देवळाच्या भजनी सप्ताहाचं. कुठल्या वाड्याची पाळी कधी, याची यादी भाऊ दरवर्षी वहीत करायचे. "भाऊ, दोन मिनिटांत काढून देतो," मी म्हटलं. माझ्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर, यादी निघालीही. मग भाऊंच्या मुलाने ती स्क्रिप्ट आपल्या मॅकवर चालवली.

जुनं साल काढून नवं घालायला मी सेड हा मजकूर बदलणारा प्रोग्रॅम वापरला होता, बदल त्याच फाइलमध्ये व्हावा म्हणून हायफन-आय लावून. मॅकचा सेड बीएसडी नावाच्या वेगळ्या घराण्यातला. त्याला हायफन-आयपुढे जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचं शेपूट लागतंच. ते मिळालं नाही म्हणून त्याने माझी आज्ञाच शेपूट म्हणून उचलली आणि यादीच्या फाइलचं नाव आज्ञा समजून वाचायला घेतलं! शेपटाच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं दिली, मॅक शांत झाला. आता माझा लिनक्स त्या रिकाम्यालाच आज्ञा समजून, खऱ्या आज्ञेच्या नावाची फाइल शोधत बसला.

पुण्याचा पाहुणा म्हापशाच्या हॉटेलात पावभाजी समजून भाजी-पाव मागतो आणि समोर वाटाण्याची पातळ भाजी येते, तेव्हा त्याचा चेहरा जसा होतो, तसा माझा झाला. (पातळ भाजी चांगलीच असते, हे पाहुण्याला दुसऱ्या पावाला कळतं. सेडचं तसं काही नाही.) शेवटी हायफन-आयला चिकटूनच डॉट-बॅक लिहिलं, तेव्हा दोघेही गप्प बसले.

"जालें मरे?" भाऊंनी विचारलं.

जालें कसलं! उद्याची तारीख काढायला लिनक्सच्या डेट या आज्ञेला हायफन-डी लागतो, मॅकच्या डेटला हायफन-व्ही. वाड्यांची नावं ज्या प्रकारच्या ॲरेत, म्हणजे नावांच्या खणांत, ठेवली होती, तो बॅश 4 मध्ये, 2009 साली आला. मॅकबरोबर मिळणारा बॅश अजून 3.2 वरच, कारण पुढच्या आवृत्त्यांचा परवाना ॲपलला मानवला नाही. दोन मिनिटांचे तीन दिवस झाले होते.

मग आपल्याकडची रीत आठवली. नवा माणूस दिसला की आधी विचारायचं, "खंयचो रे तूं?" गाव कळलं की पुढचं बोलणं सोपं. स्क्रिप्टच्या डोक्यावरच यूनेम, म्हणजे सिस्टिमचं नाव विचारणारी आज्ञा, बसवला. लिनक्सने सांगितलं, लिनक्स. मॅकने सांगितलं, डार्विन (हे मॅकच्या गाभ्याचं नाव). ज्याला त्याला त्याच्या घरची तारीख वाढली. यादी तीस ओळींची, विचारपूस नव्वद ओळींची.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी भाचा विंडोज लॅपटॉप घेऊन आला, त्यावर गिट बॅश, म्हणजे विंडोजवर चालणारा बॅश. स्क्रिप्टने त्यालाही गाव विचारलं. त्याने मिंगडब्ल्यू चौसष्ट, अंडरस्कोर, एनटी, हायफन, दहा असं कूळ, वाडा, घर नंबर सगळं एका दमात सांगून टाकलं. माझ्या यादीत हे गावच नव्हतं.

भाऊंनी वही उघडली होती. मी त्यांना पेन दिलं.